मी डिझेल सोडलं, रस्ता नाही

मी एक जुना ट्रक आहे आणि हे सांगताना माझा आवाज मुळीच कापत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी रडत रडत सांगायची, अशी तुमच्या निबंधाच्या वह्यांत पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते, बंद पडलेलं घड्याळसुद्धा डोळे पुसतं. मी रडणार नाही. मी भिलाईचा ट्रक आहे. जन्मभर पाठीवर लोखंड वाहिलं आहे. तुम्हाला माझी दया येणार असेल तर ती रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवा आणि मग पुढचं वाचा.

माझा जन्म इथून फार दूर एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझा सांगाडा पुढे पुढे जात होता. कुणी चाकं लावली, कुणी दिवे बसवले, कुणी दरवाजे टांगले. शेवटी पोटात डिझेलचा पहिला घोट पडला आणि मी खोकतच जागा झालो. माझा मालक तेजराम मला नवा कोरा चालवत भिलाईला घेऊन आला. तेजरामचे वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवून इथल्या पोलाद कारखान्यात कामाला लागले होते. मुलानंही कारखान्यातच चिकटावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण तेजरामला भिंतींच्या आत करमत नसे. त्यानं स्टिअरिंग धरलं ते कायमचं. त्याची बायको बेबीताई हिनं माझ्या केबिनला मोत्यांची झालर लावली आणि माझ्या पहिल्या खेपेच्या दिवशी मला घरातल्या जावयासारखं ओवाळलं. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

माझं काम काय होतं ते नीट समजून घ्या, कारण लोकांना ते दिसत नाही. भिलाईला लागून असलेल्या हथखोजच्या कारखान्यांत सळया, पत्रे, खांब तयार होतात. ते देशभर जातात मालगाडीनं. मालगाडीचं सगळ्यांना कौतुक असतं. पण कारखान्याच्या दारापासून रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत, म्हणजे जिथे माल गाडीत चढवतात तिथपर्यंत, तो माल कोण नेतं? आम्ही नेतो. अंतर थोडं, गर्दी फार, शिव्या त्याहून फार. पॉवर हाऊस, सुपेला, नेहरू नगर या भिलाईच्याच वस्त्या, त्याच रस्त्यानं जायचं आणि त्याच रस्त्यानं रिकामं परत यायचं. माझ्या पाठीवरच्या सळया कुठल्या कुठल्या पुलांत आणि शाळांत गेल्या असतील, देव जाणे. त्यातली एखादी तुमच्या वर्गाच्या छतातही असेल. म्हणजे तुम्ही निबंध लिहिता ते माझ्या कष्टाखाली बसून.

आता धुराबद्दल. तुम्ही विचारणारच.

होय, मी धूर सोडत होतो. भरलेला असताना चढावर काळा, आणि उभा असताना निळसर. कारखान्यांच्या फाटकांपाशी आमची रांग लागे आणि ती तासन्‌तास हलत नसे. तरी एकाही ट्रकचं इंजिन कुणी बंद करत नसे. जुनं इंजिन एकदा बंद पडलं की पुन्हा उठेल याची खात्री कुणालाच नव्हती. तेजरामची मुलगी उन्नती तेव्हा कॉलेजात डिप्लोमा करत होती. एकदा ती बापाचा डबा घेऊन रांगेत आली आणि नाकाला ओढणी लावून उभी राहिली.

"बाबा, गाडी उभी हाय तं इंजिन कावून चालू ठेवता?" तिनं विचारलं.

"बंद केलं अन् परत उठलीच नाई तं?" तेजराम म्हणाला. "मागचे गाडीवाले मले सोडतीन का?"

"म्हणजे एक पाऊल न चालता दिवसभर डिझेल जाळून राहिले तुमी सारे."

तेजराम खोकला. उत्तर म्हणून खोकला की धुरानं, ते मला कळलं नाही. तो हल्ली फार खोकत असे. नेहरू नगरातून शिकवणीला जाणारी मुलंही माझ्याजवळून जाताना रुमाल काढत आणि माझ्याकडे असं बघत की जणू मी मुद्दाम त्यांच्या तोंडावर शिंकलो. मित्रांनो, मला त्याची लाज वाटली नाही. मला राग आला. माझ्या पोटात काय ओतायचं ते मला कुणी विचारलं होतं? तुम्ही डिझेल पाजलं, मी धूर काढला. तुम्ही दुसरं काही पाजून तर बघायचं होतं.

वर्षं गेली. मग एके दिवशी तपासणीत मला नापास केलं. हे इंजिन घेऊन आता रस्त्यावर यायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. तेजरामनं मला हथखोजच्या एका रिकाम्या जागेत उभं केलं. टायर बसले. माझ्याखाली शेळ्या सावलीला येऊ लागल्या. मोत्यांची झालर कुणीतरी पळवली. काल परवापर्यंत ज्यांचा माल मी वाहिला ते लोक जवळून जाताना मान वळवूनही बघत नसत. मग भंगारवाला आला. त्यानं माझ्या अंगावर ठिकठिकाणी खडूनं रेघा मारल्या, गॅसकटर कुठून कुठे चालवायचा त्याच्या. काम करता करता तो तोंडानं गाणं गुणगुणत होता. लोखंडाच्या गावात लोखंड कापताना कुणाचा घास अडत नाही, आणि मी त्यालाही दोष देत नाही. पण मला कापून घ्यायचं नव्हतं. माझी चौकट सरळ होती. चाकांचे आस मजबूत होते. म्हातारं झालं होतं ते फक्त इंजिन, आणि एका इंजिनासाठी अख्ख्या ट्रकला फाशी देण्याचा हा कुठला न्याय?

खडूच्या त्या रेघा उन्नतीनं पुसल्या. ती तोवर हथखोजमधल्याच एका वर्कशॉपमध्ये नोकरीला लागली होती. तिथे जुन्या गाड्यांतलं डिझेल इंजिन काढून विजेची मोटर आणि बॅटरी बसवत. मोठा ट्रक त्यांनी अजून केला नव्हता. उन्नतीनं वर्कशॉपच्या मालकांना गळ घातली आणि त्यांनी एका अटीवर होकार दिला. बॅटरी वर्कशॉपची राहील. ट्रकला कायमचं काम मिळालं तर ती त्यात राहील. काम नाही मिळालं तर बॅटरी काढून दुसऱ्या गाडीत जाईल. म्हणजे मी पुन्हा रिकामा सांगाडा, आणि सांगाड्याची वाट भंगारवाला बघतच होता.

माझं इंजिन साखळीनं वर उचललं गेलं तेव्हा तेजराम दाराबाहेर जाऊन उभा राहिला. त्याला ते बघवलं नाही. मला मात्र एकदम हलकं वाटलं. नव्यानं जे बसलं ते आकारानं लहान आणि जोरानं दांडगं होतं. पहिल्यांदा मला चालू केलं तेव्हा तेजरामनं माझ्या बॉनेटला कान लावला.

"हे चालू हाय का बंद? मले तं काहीच समजून नाई राहिलं," तो म्हणाला.

"चालू हाय बाबा. पेडल दाबा," उन्नती म्हणाली.

त्यानं नेहमीच्या सवयीनं पाय जोरात दाबला आणि मी असा पुढे उसळलो की वर्कशॉपमधली माणसं बाजूला पळाली. मला त्या दिवशी खूप मजा आली. तपासणीवाल्यांनी मला पुन्हा उलटसुलट तपासलं आणि या नव्या रूपात रस्त्यावर चालायला हरकत नाही म्हणून सांगितलं. बाहेरचे ट्रक ड्रायव्हर मात्र मला बघून हसत. कुणी खेळणं म्हणे, कुणी मोबाईल म्हणे, कुणी म्हणे की याला ट्रकमध्ये कशाला मोजता, याला तर आवाजच नाही. ओरडणं म्हणजे काम करणं असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी काय बोलणार?

काम देणार होते नरहरी साहेब. हथखोजच्या एका सळयांच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं सगळं त्यांच्या हातात होतं. नेहरू नगरात राहणारे, नागपूरकडचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. ते वर्कशॉपमध्ये आले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "तेजरामजी, तुमच्या मुलीचं मला कौतुक आहे. पण मालगाडीला कौतुक समजत नाही. ती थांबत नाही. भरलेली गाडी मालधक्क्यावर वॅगनची दारं लागायच्या आत पोचली पाहिजे, आणि स्वतःच्या ताकदीवर पोचली पाहिजे. वाटेत बंद पडली आणि दुसऱ्या गाडीनं ओढत आणली, तर काम त्या दुसऱ्या गाडीचं. चालेल?"

"चालन जी," तेजराम म्हणाला.

परीक्षेचा दिवस ठरला तो नेमका विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशीचा.

आता भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. या गावाचं पोट यंत्रांवर आहे, आणि वर्षातून एक दिवस गाव त्याची जाणीव ठेवतं. कारखान्यांत, गॅरेजांत, सायकलच्या दुकानातसुद्धा मूर्ती बसते. पाने-हातोडे धुऊन पुसून मांडतात. त्या दिवशी यंत्राला कामाला लावत नाहीत. लेथ थांबतो, वेल्डिंग थांबतं, मेन स्विच खाली होतो. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस आराम द्यायचा, ही या लोकांची श्रद्धा आहे आणि ती मला आवडते.

त्या सकाळी उन्नतीनं माझा प्लग भिंतीतल्या सॉकेटात लावला, माझ्या बाजूचा हिरवा दिवा लागल्याचं पाहिलं आणि ती वर्कशॉपच्या मुलींबरोबर बाकी कारखान्यांच्या मूर्ती बघायला गेली. मागोमाग तेजराम आणि बेबीताई पूजेचं ताट घेऊन आले. त्यांनी मला न्हाऊमाखू घातलं. झेंडूच्या जाड माळा चढवल्या, त्यातली एक बरोबर त्या हिरव्या दिव्यावर आली. नारळ फुटला. बेबीताईनं केबिनमध्ये डोकावून पाहिलं. स्टिअरिंगमागे एक काचेची पाटी होती, तिच्यावर बॅटरी किती उरली त्याचा आकडा उमटे.

"याचं नवं काळीज हेच व्हय ना?" तिनं विचारलं.

"हेच," तेजराम म्हणाला.

तिनं ओल्या कुंकवानं त्या काचेवर चांगला ठसठशीत स्वस्तिक काढलं. आकडा त्याखाली गेला. मग तेजराम आत भिंतीपाशी गेला आणि दोन्ही हात जोडून त्यानं मेन स्विच खाली ओढला.

"आज तुले आराम," तो मला म्हणाला. "उद्या तुही परीक्षा हाय."

मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर मी असा काही हॉर्न वाजवला असता की सुपेल्यापर्यंत ऐकू गेला असता. पण आम्हाला वाजवणारं माणूस लागतं. आदल्या दिवसांतल्या चाचण्यांनी माझी बॅटरी जवळजवळ संपत आली होती. प्लग जागच्या जागी होता, केबल जागच्या जागी होती, फक्त वीज नव्हती. संध्याकाळी उन्नती परत आली, प्लग हलवून पाहिला, घट्ट आहे म्हणून समाधानानं घरी गेली. माळ तिनं उचलली नाही. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवसापर्यंत कोण हलवतं?

सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधीच तेजराम मला घेऊन निघाला. बेबीताई शुभ म्हणून शेजारी बसली. उन्नती स्कूटीवर मागून येत होती. कारखान्यात माझ्या पाठीवर सळयांचे भारे चढले आणि आम्ही हायवेला लागलो. काचेवरचं कुंकू तसंच होतं. पूजेचं कुंकू आपोआप झडू द्यायचं, हातानं पुसायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम. कुंकवाआड एक लाल दिवा लागला. लालात लाल, तो कुणाला दिसणार? मी टिकटिक आवाज करून बघितला, तर बाजूनं कुठली तरी रिक्षा मागे वळते आहे असं समजून तेजरामनं आरसा पाहिला.

सुपेल्याच्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी, चढ सुरू व्हायच्या जरा आधी, मी थांबलो.

तुम्हाला भर बाजारात थांबणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. ट्रॅफिकवाल्यानं शिट्टी फुंकली. भाजीवाले, मोटर रिवाइंडिंगवाले, दुकानदार सगळे गोळा झाले आणि त्यातल्या निम्म्यांना आधीपासूनच खात्री होती की असं होणार. बॅटरीवर कुठे ट्रक चालतो का, असं एकजण दुसऱ्याला समजावून सांगत होता आणि त्याचा चेहरा अगदी तृप्त होता. दहावीस जणांनी मिळून मला ढकलत बाजूच्या रस्त्यावर घेतलं. भरलेल्या अंगानं मी माणसांच्या खांद्यांवर सरकत होतो आणि रागानं आतून पेटलो होतो.

उन्नती स्कूटी टाकून धावत आली. केबिनमध्ये चढली, स्वस्तिक पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"बाबा, काल मेन खाली केला होता का?"

"विश्वकर्मा बाबाचा दिवस होता," तेजराम म्हणाला. "त्या दिवशी मशिनीले तरास देत नाई. तुह्या आजाच्या जमान्यापासून हेच चालत आलं."

"चार्जिंग म्हणजे तरास नसते बाबा. ते जेवण हाय." ती ओरडली. "सणाच्या दिवशी आपण सारे पुरी-भाजी खाऊन राहिलो होतो, अन् गाडीले उपाशी ठेवलं."

तेजराम माझ्या पायरीवर मटकन बसला. त्याचं तोंड मला दिसत होतं. आपल्याच हातानं, आणि तेही हात जोडून, त्यानं मला बंद पाडलं होतं. तेवढ्यात एक डिझेल ट्रक आमच्यापुढे येऊन थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता. तो खाली उतरला, हातात साखळी.

"उस्ताद, जंजीर डाल देता हूँ," तो म्हणाला. "मालधक्के तक छोड दूँगा."

तेजरामनं साखळीकडे पाहिलं. वॅगनची दारं दुपारी लागणार होती. माल वेळेवर पोचवणं हा त्याचा आयुष्यभराचा धर्म होता. त्याचा हात पुढे झाला. साखळीचा आकडा माझ्या नाकाशी आला आणि मला भंगारवाल्याच्या खडूपेक्षा त्या आकड्याची जास्त चीड आली. खडूनं मला फक्त मारलं असतं. हा आकडा मला हरवणार होता.

"नहीं भैया," उन्नती मध्ये उभी राहिली. "बंध के गए तो हार गए. बाबा, साहेबाचं बोलणं आठवा. ओढून नेली तं काम यांचं. बॅटरी निघन, अन् आपली गाडी कापाले जाईन."

"मंग का करू?" तेजराम म्हणाला. "इथं कोठी पंप हाय करंटचा?"

उन्नतीनं वर पाहिलं. खांबावरून जाड तारा समोरच्या एका पत्र्याच्या दुकानात उतरत होत्या. ती पिठाची चक्की होती. चक्कीचा पट्टा फिरत होता आणि दारात बाया डबे घेऊन बसल्या होत्या. चक्की चालवत होत्या सिंधुताई, साठीच्या, भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या.

"काकू, तुमची थ्री-फेजची लाइन घंटाभर आमाले द्या," उन्नती म्हणाली. "गाडी भरलेली हाय, तिले पूल चढायचा हाय."

"अन् माह्या गिऱ्हाइकाले का सांगू? चक्की ट्रकले दिली मनून सांगू?"

"हो काकू. तसंच सांगा."

सिंधुताई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माळांकडे पाहिलं, तेजरामकडे पाहिलं.

"यातलं डिझेलचं इंजिन काढलं मनते का?"

"व्हय."

"माही चक्की बी पयले डिझेलवर होती, गावाकडं," सिंधुताई म्हणाल्या. "दिवसभर भकभक. पिठाले बी वास ये. मंग लाइन आली, ते इंजिन गेलं. पण दगड तेच हायेत पोरी, अन् पीठ बी तसंच निंगते." त्या आत गेल्या आणि पट्टा थांबवला. चीला, म्हणजे तांदळाची धिरडी, करायची म्हणून दळायला आलेली एक बाई कुरकुरली, "अवो सिंधुताई, माहं तांदळाचं पीठ?" तर त्या तिला म्हणाल्या, "चीला संध्याकाळी खाजो. बस तिथं."

माझ्या टूलबॉक्समधून केबल निघाली आणि रस्ता ओलांडून चक्कीत गेली. लोकांनी रस्ता अडवून धरला. मघाशी मला बघून हसणाऱ्यांतलाच एकजण दोन्ही हात पसरून केबलवरून स्कूटर जाऊ देत नव्हता. उन्नतीनं बारकाईनं जोडणी तपासली आणि स्विच वर केला. माझ्या अंगात वीज आली. अगदी सावकाश आली, चक्की फिरते तेवढ्याच जोरानं. पण मित्रांनो, हे तुमच्या लक्षात येतंय का? डिझेल संपलेला ट्रक पंपापर्यंत जाऊ शकत नाही. आणि माझं खाणं सुपेल्याच्या प्रत्येक दुकानाच्या भिंतीत होतं. त्याच भिंतीतून दळण निघतं, त्याच भिंतीतून पंखा फिरतो, तुमचा अभ्यासाचा दिवा लागतो. मी तुमच्याच घरचं खातो. मग मला परका का समजता?

किती चार्ज झालं ते कळेना. काचेवर स्वस्तिक होतं आणि उन्नती त्याला हात लावायला बिचकत होती. देवाचं आहे ते, असं तिच्याही मनात असणार. बेबीताई पुढे सरकली.

"मीच काढलं, मीच पुसन," ती म्हणाली. तिनं पदराचं टोक ओलं केलं, काचेला आधी हात लावून नमस्कार केला आणि मग पुसू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबला नाही. कुंकवाखालून आकडा बाहेर आला. तो लहान होता आणि हळूहळू वाढत होता. सगळे जण त्याच्याकडे बघत बसले.

तो पुरेसा झाला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. सिंधुताईंनी स्वतः प्लग उपसला. तेजरामनं पाय ठेवला आणि मी चढाला लागलो.

तो चढ मी हजारो वेळा चढलो असेन, पण भरल्या पाठीनं, बिनआवाजाचा, असा पहिल्यांदाच. माझ्या डाव्या हाताला एक डिझेल ट्रक गिअर बदलत, कण्हत, काळं ओकत चढत होता. मला गिअर नव्हता, कण्हणं नव्हतं. मोटरचा सगळा जोर पहिल्या फेऱ्यापासून चाकांना मिळत होता. मी त्याच्या बाजूनं पुढे गेलो. त्याच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढून पाहिलं आणि मी मुद्दाम, होय मुद्दाम, तेजरामकडून हॉर्न वाजवून घेतला. माथ्यावर पोचेपर्यंत आकडा बराच खाली आला होता. उतारावर मोटर उलटी राबली आणि तिनं थोडी वीज बॅटरीत परत टाकली. तेजरामला ते आकड्यात दिसलं आणि तो बायकोला म्हणाला, "बेबी, उतारानं चढाचं थोडंसं परत देल्लं, पाह्य."

मालधक्क्यावर बाकी सगळ्या वॅगनची दारं लागली होती. उघड्या राहिलेल्या एकाच वॅगनपाशी नरहरी साहेब उभे होते आणि हमाल त्यांच्याकडे बघत होते.

"उशीर झाला, तेजरामजी," ते म्हणाले. मग माझ्या नाकाशी साखळी अडकवतात त्या हुकाकडे वाकून बघत त्यांनी विचारलं, "ओढून तर नाही आणली?"

तेजरामला खोटं सांगायची गरजच नव्हती, तरी त्यानं सगळंच सांगून टाकलं. मेन स्विच, कुंकू, चक्की. काही लपवलं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि हमालांना माल चढवायला सांगितलं. मग ते उन्नतीकडे वळले.

"एक सांग मला. छत्तीसगडची वीज तरी बहुतेक कोळशाचीच ना? इथला धूर तिकडे नेला, एवढंच झालं."

"कोळशाची हाय सर, मी नाही कशी म्हणू?" उन्नती म्हणाली. "पण रांगेत उभी राहिली की ही गाडी काहीच जाळत नाही. चालते तेव्हाही जोर वाया कमी जातो. आणि उद्या त्या तारांत उन्हाची वीज जास्त आली, तर गाडीत काहीच बदलावं लागणार नाही. ती आपोआप सुधारेल. डिझेल तर कितीही जुनं झालं तरी डिझेलच राहते ना सर."

साहेब हसले नाहीत, शाबासही म्हणाले नाहीत. वॅगनचं दार लागलं. मग ते तेजरामला म्हणाले, "उद्या सकाळी लोडिंगला लावा. परवाही. रोज. आणि मेन स्विच वर आहे का खाली, ते आता तुमचं तुम्ही बघा."

तेजरामनं डोक्यावरचा गमछा काढून तोंड पुसलं आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

तेव्हापासून मी रोज जातो. फाटकाच्या रांगेत मी उभा असतो तेव्हा शेजारचा ट्रक घरघरत असतो आणि मी गप्प असतो. आम्ही दोघंही थांबलेलेच, पण मी खरा थांबलेला. तेजराम केबिनमध्ये झोपही काढतो. त्याचा खोकला गेला असं मी म्हणणार नाही, इतक्या वर्षांचा तो जाईल कसा? पण तो वाढत नाही. नेहरू नगरची मुलं अजून सवयीनं रुमाल काढतात, जवळ आल्यावर जरा गोंधळतात आणि परत खिशात ठेवतात. हसणारे अजून हसतात. हसू देत. मी एकटाच आहे, बाकीचा सगळा रस्ता अजून डिझेलचाच आहे, आणि माझ्या एकट्यानं आभाळ स्वच्छ होणार नाही हे मला कुणी वेगळं शिकवायला नको. पण एका ट्रकपुरतं उत्तर मी दिलेलं आहे. आता पुढच्या ट्रकांच्या मालकांनी द्यावं.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो, आणि ते दयेचं नाही. मला बागेत नेऊन उभा करू नका. रंग देऊन चौकात मांडू नका. पूजा करायची तर करा, पण भुकेला ठेवून नको. मला माल द्या आणि वीज द्या, दोन्ही वेळेवर.

मी अमर नाही. माझी चौकटही एक दिवस थकेल आणि लोखंडाला शेवटी भट्टीत जायचंच असतं. मला त्याची भीती नाही. वितळून पुन्हा सळई होईन, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर बसून मालधक्क्यावर जाईन. पण त्या दिवशी मला साखळीनं बांधून नेऊ नका. आदल्या संध्याकाळी मेन स्विच वर आहे ना ते पाहून माझा प्लग लावा. भट्टीच्या दारापर्यंतचा चढ मी माझा मी चढेन.